दोन गाणी

हिवाळाभर, दर मंगळवारी, शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या रेघांवर
मी टँगोच्या बेचाळीस चाली शिकलो.
वहीत उतरवल्या, बाणांसकट:
कातरी, दुहेरी गिरकी,
आणि ती, जिच्यात बाई मागे आडवी होते
नि आपण तिला पिठाच्या पोत्यासारखं तोलतो.
शेवटच्या फेरीला बस रिकामी असली की
सिग्नलला ब्रेक दाबून मी पुटपुटायचो,
डावा, उजवा, बाजूला, जवळ.

जूनमध्ये तळ्याकाठचा नाचमांडव उघडला.
लाकडी जमीन, डास, कॉफीचा थर्मास, अकॉर्डियन.
फिनलंडातले रात्रीचे दहा,
आणि सूर्य अजून पाइनच्या खांद्याशी रेंगाळलेला,
त्यालाही कुणी नाचायला विचारायचं राहिल्यासारखा.

इथला रिवाज असा:
बाईसमोर जायचं, मान लववायची,
दोन गाणी नाचायची, एक नाही, तीन नाहीत,
आणि जिथून आणली तिथे नेऊन पोचवायची.

पहिल्या शनिवारी हिल्का. पोस्टात असते.
सात मिनिटांत मी तिला एकोणीस चाली दाखवल्या.
दाखवल्या, हेच क्रियापद खरं.
अकराव्या चालीला तिचा खांदा
शेजारच्या जोडप्यावर आदळला
आणि ती म्हणाली, "माफ करा, मला ही येत नाही."

चूक माझी. माफी तिची.
घरापर्यंतचे तीस किलोमीटर ती माफी
माझ्या मागच्या सीटवर बसून आली,
उतरायचं बटण न दाबता.

मग वही काढली आणि खोडत बसलो.
कातरी: जिला शिकवावी लागते
तिला शनिवारी रात्री कशाला.
पोतं: कुणाची कंबर कशी आहे मला काय ठाऊक.
दुहेरी गिरकी: गर्दी नसेल तर,
टाच उंच नसेल तर,
आधी एकेरीत ती हसली असेल तर.
इतके 'तर' बसमध्येही चढत नाहीत. खोडली.
एक चाल तर फक्त
कठड्याला टेकून बघणाऱ्या पुरुषांसाठी होती.
ती खोडताना, खरं सांगतो, हात जड झाला.

उरलं काय?
चालणं. एक साधं वळण. आणि थांबा.
थांबा मला येतो,
एकवीस वर्षं तोच धंदा आहे.

जुलैत औने. सत्तरीची असावी.
"उजवा गुडघा स्टीलचा आहे," उठता उठताच म्हणाली,
"आधीच सांगून ठेवते."
मी चाललो. नुसता चाललो.
कोपऱ्यावर जोडपी तुंबली,
नेमकं तेव्हाच अकॉर्डियननेही दम घेतला,
म्हणून थांबलो.
तेवढ्यात औनेने डाव्या बुटाच्या टोकाने
जमिनीवर एक छोटं वर्तुळ काढलं,
टेबलावर सांडलेली साखर कुणी बोटाने गोळा करावी तसं,
सावकाश,
आणि भार परत माझ्याकडे दिला.

ही वहीत नव्हती.
ही मी दिली नव्हती,
मी फक्त आड आलो नव्हतो.

दुसऱ्या गाण्यात हावरटासारखा
मुद्दाम आणखी एक थांबा घेतला.
तिने काहीच केलं नाही. उभी राहिली.
तेही चाललं.
मग तिला बाकापर्यंत पोचवली, मान लववली.

अकराला बायकांनी निवडायचा तास सुरू झाला.
हिल्का आली, माझ्या समोरून पुढे गेली
आणि तो उंच, लाल मोज्यांचा एस्को, त्याला घेऊन गेली.
त्याने तिला दुहेरी गिरकी दिली. मग आणखी एक.
ती मोठ्याने हसत होती.
तिला येत होती. फार छान येत होती.
पहिल्या गाण्यात एकदा, एकेरीत,
विचारून बघायचं होतं, एवढंच.

वही खिशात होती.
खोडलेल्या ओळीपुढे काहीतरी लिहावंसं वाटलं.
पेन्सिल बसमध्ये राहिली होती.